नाण्यावर ओरखडा पडला म्हणून चांदी कमी होत नाही

मैत्रिणींनो, आपल्या बहुतेकींच्या देवघरात किंवा कपाटात चांदीचं एखादं तरी नाणं असतं. कुणी धनत्रयोदशीला घेतलेलं, कुणाला बाळाच्या बारशाला आलेलं, तर कुणाकडं आजेसासूच्या गाठोड्यातला राणीछाप रुपया. दवाखाना, शाळेची फी, बियाणं अशी नड आली की तेच नाणं घेऊन आपण पारनेरला किंवा नगरच्या सराफ बाजारात जातो. तिथं कधी कधी ऐकावं लागतं, "ताई, लई ओरखडे पडलेत, भाव कमी बसंल." आपण गप्प मान डोलावतो आणि शे-दोनशे रुपये तिथंच सोडून येतो. ओरखड्यानं भाव कधी पडतो आणि कधी पडत नाही, हे आज समजून घेऊ.

आपल्या राळेगणच्या धान्य बँकेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं मोजायचं ते धान्य, पोतं नव्हे. नाण्याचंही तसंच आहे. चांदी म्हणजे धान्य आणि वरची छाप म्हणजे पोतं.

साधं नाणं : वजन आणि शुद्धता

लक्ष्मी-गणपतीची छाप असलेलं नाणं मोडायला नेलं की त्याची किंमत दोनच गोष्टींवर ठरते : वजन किती आणि चांदी किती शुद्ध. ९९९ असा शिक्का असेल तर हजार भागांत ९९९ भाग चांदी.

नांगराच्या तासात माती दोन्ही बाजूंना सरकते, ती शेताबाहेर जात नाही. ओरखड्याचंही बरंचसं तसंच असतं. चांदी मऊ असते, त्यामुळं ती बाजूला सरते. झिजून गेलीच तर अगदी कणभर.

हिशेब करू. सोयीसाठी भाव ग्रॅमला १०० रुपये धरा (विकायला जाल त्या दिवशीचा भाव पेपरात बघा). १० ग्रॅमचं शुद्ध नाणं म्हणजे साधारण १००० रुपये. ओरखड्यापोटी कुणी १०० रुपये कापत असेल, तर त्याचा अर्थ तुमची १ ग्रॅम चांदी गेली. मग काट्यावर ९ ग्रॅम दिसायला हवेत. काटा १० दाखवत असेल तर विचारा, "वजन पुरं आहे, मग हे कशाचे कापले?" घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी हे खरेदीच्या वेळी दिलेले पैसे मात्र परत मिळत नाहीत. ती तूट ओरखड्याची नाही, हेही ध्यानात ठेवा.

काळं पडलेलं नाणंही घाबरण्यासारखं नाही. हवेतल्या गंधकामुळं वर पातळ थर येतो, आतली चांदी तशीच राहते.

जुना रुपया : इथं ओरखडा महाग पडतो

इंग्रजांच्या काळातल्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. नाण्यावरचं साल आधी वाचा.

- १९३९ पर्यंतचा रुपया : सुमारे ९१.७ टक्के चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम.
- १९४० ते १९४५ : निम्मीच चांदी, म्हणजे ५.८३ ग्रॅम.
- १९४७ चा रुपया : निकेलचा, त्यात चांदी नाही.

यातली काही नाणी जुनी नाणी जमवणारे लोक चांदीच्या भावापेक्षा जास्त पैसे देऊन घेतात. १९३९ चा रुपया तर दुर्मिळ मानला जातो, म्हणून त्याची नक्कलही होते. या गिऱ्हाइकाला पोतंही हवं असतं. ओरखडा, भोक, माळेसाठी लावलेली कडी, राखेनं घासून आणलेली चकाकी, या सगळ्यानं तो भाव उतरतो. दिवाळीला आपण हौसेनं घासतो, ते या नाण्याला मारक. तरीही चांदीची किंमत कुठं जात नाही. कितीही ओरखडे असोत, वजनाच्या भावाखाली जुना रुपया देऊ नका.

ओरखडा कधी साक्षीदारही होतो

ओरखड्याच्या आत तांबूस किंवा पिवळं दिसलं, तर आत तांबं-पितळ आणि वरून नुसता मुलामा असण्याचा संशय धरा. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते. लोहचुंबकाला चिकटलं तर ते चांदीचं नाहीच. पण चिकटलं नाही म्हणजे चांदीच, असंही नाही, कारण तांबं-पितळही चिकटत नाही. खात्री सराफाकडच्या तपासणीतच होते. ती आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावी.

विकण्याआधी तारणाचा विचार करा

रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये सोने-चांदी तारणाचे नवे नियम काढले. ते बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी १ एप्रिल २०२६ पर्यंत लागू करायचे होते. त्यानुसार चांदीची नाणी एका कर्जदाराला ५०० ग्रॅमपर्यंत तारण ठेवता येतात. किंमत धरायची ती फक्त धातूची, शुद्धतेप्रमाणे. म्हणजे ओरखड्याचा प्रश्नच नाही. घरखर्चासाठीच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात तारणाच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८५ टक्के रक्कम मिळू शकते. तपासणी आपल्यासमोर व्हायला हवी आणि वजन, शुद्धता, वजावट लिहिलेला कागद मिळायला हवा. प्रत्येक शाखा असं कर्ज देतेच असं नाही, म्हणून आधी चौकशी करा. नाणं परत घरी येतं, हा यातला मोठा फायदा.

जपायचं कसं

- प्रत्येक नाणं वेगळं, मऊ सुती कापडात ठेवा. किल्ल्या आणि चिल्लर यांच्यात टाकू नका.
- रबर बँड लावू नका, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते.
- हळद-कुंकू साध्या पाण्यानं धुवा आणि टिपून घ्या, घासू नका.
- पाकीटबंद नाणं पावतीसह तसंच ठेवा. पाकीट फोडलं की पुन्हा तपासणी आली.

पुढच्या बैठकीत करा

प्रत्येकीनं घरच्या नाण्याचं साल, वजन आणि शिक्का एका कागदावर लिहून आणावा. वर दिल्याप्रमाणे त्यातली चांदी काढा आणि त्या दिवशीच्या भावानं गुणा. हा आकडा डोक्यात ठेवून सराफाची पायरी चढा. मग ओरखडे त्यांनी मोजू द्यात, आपण काटा बघायचा.