घरातील मत्स्यपेटी व गोठ्यातील हौद : कमी खटपटीची नैसर्गिक रीत

काचेच्या पेटीत मासे पाळणे हा शहरातील हौशी लोकांचा खेळ. शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध तो काय, असा प्रश्न वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात येईल. प्रस्तुत लेखकाचेही मत पूर्वी असेच होते. तहसील कचेरीतील कारकुनीतून मोकळा झाल्यावर पुतण्याच्या मुलांच्या हट्टापायी घरी एक पेटी आली. तिच्याबरोबर हवा सोडणारा विजेचा पंप व पाणी गाळण्याचे यंत्रही आले. दर दोन-चार दिवसांनी पाणी उपसावे, पेटी खरवडून धुवावी, तरी दुर्गंधी हटेना. पुढे एके रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही, आणि सकाळी सर्व मासे पोट वर करून तरंगताना दिसले. त्यानंतर आम्ही यंत्रे बाजूला ठेवली व निसर्गतः डबक्यात मासा कसा जगतो, याचा विचार करू लागलो. त्यातून जी रीत हाती लागली, ती शेतकरी बंधूंस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तत्त्व

हे तत्त्व शेतकऱ्यास नवे नाही. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया नावाचे द्रव्य निघते. गोठ्यात साचलेल्या मुताचा जो उग्र दर्प नाकास झोंबतो, तो याच द्रव्याचा. पाण्यात ते थोडे जरी वाढले, तरी माशास विष होते. परंतु माती-वाळूत राहणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. या जंतूंचे कार्य रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी इ. स. १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले. हेच जंतू आपल्या शेतातही काम करतात. ताजे शेण घातले तर रोप करपते व कुजलेले घातले तर पोसते, हे आपण जाणतोच.

दुसरी बाजू वनस्पतीची. हवा दूषित झाली असता वनस्पती ती सुधारते, हे प्रीस्टले यांनी १७७१ साली पुदिन्याच्या डहाळीवर प्रयोग करून पाहिले. आणि हे कार्य सूर्यप्रकाशातच घडते, हे इंगेनहूझ यांनी १७७९ साली दाखविले. पुढे १८५० साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ वॉरिंग्टन यांनी मासे, पाणवनस्पती व गोगलगाई एकत्र ठेवून पाणी वारंवार न बदलता ते चांगले राहते, हे सिद्ध केले. तात्पर्य, मासा जे टाकतो ते वनस्पती घेते, आणि वनस्पती जो प्राणवायू सोडते तो मासा घेतो. हा जमाखर्च जुळला की मालकास फारसे काही करावयाचे उरत नाही.

साहित्य व कृती

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच असावी. माती, वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता तीत सुमारे ३५ लिटर पाणी राहते. भरलेल्या पेटीचे वजन साठ-सत्तर किलो होते, सबब ती डगमगत्या मेजावर ठेवू नये. पूर्वेच्या खिडकीजवळ, सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास मिळेल व दुपारचे मुळीच लागणार नाही, अशी जागा उत्तम.

तळाशी एक इंच माती पसरावी. येथे एक चूक हटकून होते. आपली काळी भारी माती भिजली की फुगते व पाणी गढूळ करते, म्हणून ती घेऊ नये. कापसाच्या वावरातील माती तर मुळीच नको, कारण तीत फवारणीचा अंश असू शकतो. परसातील झाडाखालची, खत व औषध न लागलेली हलकी माती वाळवून चाळून घ्यावी. शंका असल्यास बरणीत ओंजळभर माती व पाणी घेऊन त्यात डासांच्या अळ्या सोडाव्यात आणि तोंडास फडके बांधावे. दुसऱ्या दिवशी अळ्या वळवळत असल्या तर माती वापरण्यास हरकत नाही. मेल्या असल्या तर ती टाकून द्यावी.

मातीवर धुतलेल्या जाड वाळूचा एक इंच थर द्यावा. वाळूवर बशी ठेवून तिच्यावर पाणी हळूहळू ओतावे, म्हणजे माती उसळत नाही. नळाचे औषध घातलेले पाणी असेल, तर ते रुंद भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे.

वनस्पतींत हायड्रिला सर्वांत सोयीची. संथ वाहणाऱ्या नाल्यांत व कालव्यांत ती सापडते. आणल्यावर चार-पाच दिवस वेगळ्या बादलीत ठेवून रोज पाणी बदलावे, म्हणजे जळवा व किडे निघून जातात. पेटीचा निम्म्याहून अधिक तळ पहिल्याच दिवशी लावून काढावा. विरळ लावण केल्यास शेवाळ माजते, जसे विरळ पिकात तण माजते. दोन-चार लहान गोगलगाई सोडाव्यात. त्यानंतर तीन आठवडे काही एक न करता थांबावे. बी पेरल्याबरोबर कणीस मागू नये.

मासे व त्यांची निगा

पहिल्या अनुभवास गप्पी मासा चांगला. तो काटक आहे, हिवताप निर्मूलनाच्या कामात तो वापरतात, आणि आरोग्य केंद्रांतही पुष्कळदा मिळतो. मादी अंडी न घालता थेट पिले देते व साधारणतः महिन्याला एक वेत होते. आरंभी सहा मासे पुरेत. पुढे बारा-पंधरांवर संख्या गेली की जादा मासे गोठ्यातील हौदात हलवावेत.

अन्न दिवसातून एकदा, चिमूटभर, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. आठवड्यातून एक दिवस माशांना एकादशी घडली तर त्यांचे कल्याणच होते. अन्न टाकण्याच्या हौसेने जितके मासे मरतात, तितके उपासाने मरत नाहीत.

मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर प्राणवायू कमी पडला असे समजावे. कारण रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरते. अशा वेळी कुजकी पाने काढावीत, अन्न थांबवावे व मासे कमी करावेत. पाणी हिरवे झाले तर ऊन कमी करावे. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा पेटी घरातील सर्वांत थंड खोलीत हलवावी व भोवती ओले फडके गुंडाळावे. पाणी उडून गेले तरी त्यातील क्षार मागेच राहतात, म्हणून भर घालताना साठविलेले पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तम. दीड-दोन महिन्यांनी चौथा हिस्सा पाणी बदलून ते फुलझाडांस घालावे. यापलीकडे खटपट नाही.

गोठ्यातील हौद

आता शेतकऱ्याच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट. डासाची अंड्यापासून उडत्या डासापर्यंतची वाढ उन्हाळ-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत पुरी होते, आणि गुरांचा हौद ही त्याची आवडती जागा. पाचशे लिटरच्या हौदात पंधरा-वीस गप्पी सोडले की अळ्यांचा बंदोबस्त होतो. नवा सिमेंटचा हौद असेल, तर तो दोन-तीन वेळा भरून उपसल्याशिवाय मासे सोडू नयेत. गोगलगाई मात्र हौदात राहू देऊ नयेत. गुरांच्या काळजात होणाऱ्या चपट्या कृमींचा प्रसार काही जातींच्या गोगलगाईंमार्फत होतो. रांजण, टायर, कुंड्या यांत मासे राहत नाहीत, म्हणून ती आठवड्यातून एकदा कोरडी करावीतच. गप्पी व गंबुसिया हे दोन्ही परदेशी मासे आहेत. गंबुसिया तर १९२८ साली भारतात आणला गेला व तो देशी माशांची पिले खातो. म्हणून यांपैकी कोणताही मासा धाम, बोर वा वणा नदीत किंवा तलावात सोडू नये.

शेवटी स्वतःची एक चूक सांगतो. एका भाद्रपदात कापसावर फवारणी करून आल्यावर फवारणीचा पंप मी हौदाजवळच खंगाळला. पाणी उडून हौदात गेले असेल, याचा विचारही मनात आला नाही. तासाभराने बैल पाण्यावर आणले, तो सालदार म्हणाला, "मालक, मासे उलटले." पाहतो तो एकही गप्पी जिवंत नव्हता. बैलांना तसेच मागे ओढले, हौद उपसून तीनदा धुतला. पुष्कळ कीटकनाशके माशास अत्यल्प प्रमाणातही मारक असतात. तेव्हा बैलांस कदाचित काही झालेही नसते. पण त्याच हौदावर घरची मुले हातपाय धुतात, हे त्या दिवशी प्रथम डोळ्यांपुढे आले. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या सुमारास शेतकरी व मजूर दगावले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. ठाऊक असूनही माझ्या हातून असे घडले.

तेव्हापासून पंप धुण्याची जागा विहीर व हौद यांपासून दूर, बांधाच्या पलीकडे ठरविली आहे. हौदात घरच्या पेटीतील मासे पुन्हा सोडले आहेत. सकाळी गुरे सोडण्यापूर्वी ते पोहताना दिसले, म्हणजे पाणी निर्वेध आहे अशी पुष्कळशी खात्री वाटते. पगार न मागणारा हा पहारेकरी प्रत्येक गोठ्यात असावा, आणि त्याची पैदास करणारी एक लहानशी पेटी ओसरीत असावी, अशी वाचकांस विनंती आहे.