घोळक्यात शिकायची शर्यत

नाशिक

चि. भाच्यास,

दहावीनंतर सायकलिंगच करायचं आणि पोटही त्यावरच भरायचं, असं तू घरी सांगून टाकलंस, हे तुझ्या आईने फोनवर कळवलं. मामाने तुला अडवावं, अशी तिची इच्छा. मामा अडवणार नाही. पण ही वाट कशी आहे ते आधी नीट ऐक.

जिंतूरला येलदरी रस्त्याचे चढ तू पहाटे एकट्याने मारतोस, सुट्टीत औंढा नागनाथपर्यंत जाऊन ऊन चढायच्या आत घरी येतोस. यातून दम वाढतो. शर्यत मात्र यातून येत नाही.

तुझ्या भिंतीवर नागपूरच्या डॉ. अमित समर्थांचं कात्रण आहे. २०१७ मध्ये त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, तेही बारा दिवसांच्या आत! त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ हीच शर्यत दोघांच्या संघातून पुरी करून आले होते. ही माणसं थोरच. पण तिघेही पेशाने डॉक्टर आहेत, आणि त्यांची झुंज झोपेशी आणि घड्याळाशी होती. त्या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे लपून सायकल चालवायला मनाईच असते.

व्यावसायिक रोड रेसिंगचा सगळा खेळच त्या लपण्यावर उभा आहे. पुढच्याच्या चाकामागे वीतभर अंतरावर राहिलं की वारा तो खातो आणि मागच्याची साधारण तीस टक्के ताकद वाचते. म्हणून संघातले बहुतेकजण जिंकायला उतरतच नाहीत. कप्तानापुढे वारा झेलायचा, मागे राहून संघाच्या गाडीला गाठायचं, पाण्याच्या सात-आठ बाटल्या जर्सीच्या पाठीत कोंबायच्या, फुगलेल्या पाठीने पुन्हा घोळका गाठायचा आणि एकेकाला बाटली पोचवायची. टूर द फ्रान्समध्ये २१ टप्पे असतात. कित्येक खेळाडूंचे सगळेच्या सगळे टप्पे याच कामात जातात. त्याचाच त्यांना पगार मिळतो, आणि ते मानाचं काम आहे. हे तुला आवडेल का, याचा प्रामाणिकपणे विचार कर.

पगाराचंही ऐक. सर्वांत वर वर्ल्डटूर संघ, खाली प्रोटीम, त्याखाली कॉन्टिनेंटल. वरच्या दोन पायऱ्यांवर किमान वेतनाचा नियम आहे. तिसरीवर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने तसं बंधन घातलेलं नाही, आणि आपल्या मुलांना दार उघडतं ते तिथेच. नवीन जॉन हा आपला सायकलपटू अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकताना सायकलकडे वळला, भारतात राष्ट्रीय विजेता झाला, बेल्जियमच्या गावोगावच्या शर्यतींत मार खात शिकला आणि मग ऑस्ट्रेलियातल्या कॉन्टिनेंटल संघात गेला. २०१६ च्या दोहा जागतिक स्पर्धेत तो आणि अरविंद पनवार टाइम ट्रायलला उतरले. टूर द फ्रान्समध्ये मात्र अजून एकही भारतीय धावलेला नाही. ऑलिम्पिकमध्ये आपले सायकलपटू शेवटचे दिसले ते १९६४ च्या टोकियोत.

तरी दिवस बदलताहेत. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, ४३७ किलोमीटरची, आंतरराष्ट्रीय कॅलेंडरवरची. परदेशी संघ पाहायला आता युरोप गाठावा लागत नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तिथे कधीतरी रस्त्याकडेला उभा राहा आणि शेवटच्या वळणावर कोण कुणाच्या मागे बसलंय, तेवढंच बघ.

कार्बनची महागडी सायकल आत्ता मागू नकोस. वडिलांचं कापसाचं उत्पन्न किती, ते तुला ठाऊक आहे. ॲल्युमिनियमची चालेल, मोजमाप आणि हेल्मेट मात्र चोख हवं. जिममधल्या डब्यातली पावडर तोंडात घालू नकोस. त्यात उत्तेजक निघालं आणि 'नाडा' या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या चाचणीत सापडलास तर 'मला माहीत नव्हतं' हे कुणी ऐकत नाही, आणि चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. अकरावीला प्रवेश घे. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठीही शिक्षण लागतंच.

ज्युनिअर गट सतरा-अठरा वयाचा, आणि वय जन्मवर्षावरून धरतात; तुझ्याकडे दोन हंगाम आहेत. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला ये. इथला एक ग्रुप रविवारी पहाटे घोळक्याने निघतो, त्यांच्याशी बोलणं झालंय. पहिले काही रविवार तुला मागेच ठेवतील. ओळ धरून चालवायला शीक, हाताच्या खुणा शीक. जन्मदाखला आणि दोन फोटो सोबत आण, शर्यतीच्या परवान्याचा अर्ज इथूनच भरू. आईला सांग, रात्रीच्या गाडीत बसवून दे. सायकल टपावर टाकताना मागचा डिरेलर वरच्या बाजूला राहील असं बघ.

तुझा,
मामा