विरजणाची पेटी

(हिवाळ्यात दही नीट लागत नाही. एका विद्यार्थ्याने यावर कोणता उपाय केला, ते त्याच्याच शब्दांत वाचा.)

आमचे घर मालेगावात आहे. अब्बा यंत्रमागावर काम करतात. अम्मी रोज पाच लिटर दुधाचे दही लावते आणि सकाळी विकते. दोघांच्या कमाईवर आमचे घर चालते.

उन्हाळ्यात दही सहज लागते. हिवाळ्यात मात्र अम्मीची झोप उडते. पातेल्याला गोधडी गुंडाळून ठेवते, तरी रात्री दोन-तीनदा उठून पाहते. एकदा डिसेंबरात सकाळी दूध तसेच पातळ राहिले. गिऱ्हाइके रिकामी भांडी घेऊन परत गेली.

"दूध तर गेलंच, आता उद्या गिऱ्हाइकं येतील की नाही कोण जाणे!" अम्मी म्हणाली.

मी शाळेत विज्ञानाच्या सरांना विचारले. सर म्हणाले, "विरजणात जिवाणू असतात. ते दुधातील साखरेचे लॅक्टिक आम्ल बनवतात. म्हणून दूध आंबते व घट्ट होते. हे सूक्ष्मजीवांचे काम आहे, असे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिले. हे जिवाणू थंडीत मंदावतात आणि फार उष्णतेत मरतात. सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमान राखले, तर दही चांगले लागते."

"पण सर, रात्रभर ४० अंश कोण राखणार?"

"वीज राखील," सर हसून म्हणाले.

सरांच्या मदतीने मी कामाला लागलो. थर्माकोलच्या मोठ्या खोक्यात ४० वॅटचा तारेचा बल्ब बसवला. एलईडी बल्ब फार कमी तापतो, म्हणून तो घेतला नाही. थर्माकोल वितळू नये म्हणून बल्बभोवती पत्र्याचा डबा लावला.

तापमान ओळखण्यासाठी थर्मिस्टर वापरला. हा छोटासा भाग तापला की त्याचा रोध कमी होतो. माझ्या थर्मिस्टरचा रोध २५ अंशांना १० हजार ओहम होता. ४० अंशांना तो जवळजवळ निम्मा होतो. हा बदल एलएम ३५८ नावाची आयसी ओळखते. तापमान कमी झाले की ती रिले चालू करते व बल्ब लागतो. पुरेशी ऊब आली की बल्ब विझतो. बल्बच्या २३० व्होल्टच्या तारा मात्र सरांनी वायरमनकडून जोडून घेतल्या. "या तारांना हात लावायचा नाही," असे त्यांनी मला दोनदा बजावले.

पहिल्या रात्री दूध पुन्हा पातळच राहिले! थर्मिस्टर बल्बजवळ लोंबकळत होता. हवा चटकन तापे, बल्ब विझे. दूध मात्र निवत जाई. शिवाय ४० अंशांजवळ रिले सारखा टकटक करी. मला रडू आले.

अब्बा म्हणाले, "धागा तुटला म्हणून आम्ही माग फेकून देतो का? गाठ मारतो आणि पुढे विणतो."

दुसऱ्या दिवशी मी थर्मिस्टर पातेल्यालाच बाहेरून चिकटपट्टीने घट्ट चिकटवला. सरांनी आयसीच्या बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या टोकांमध्ये एक मोठा रोध जोडायला सांगितला. मग बल्ब ३९ अंशांना लागू लागला आणि ४१ अंशांना विझू लागला. टकटक थांबली.

पहाटे मी पेटी उघडली. पातेले थोडे तिरके केले. दही हलले नाही. मी अम्मीला हाक मारली. ती डोळे चोळत आली, दह्याकडे पाहतच राहिली आणि म्हणाली, "बेटा, आज मी रात्रभर झोपले!"

शब्दार्थ
विरजण – दूध आंबवण्यासाठी घातलेले थोडे दही
रोध – विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा
निवणे – थंड होणे
बजावणे – निक्षून सांगणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दूध घट्ट का होते?
(आ) मुलाने एलईडी बल्ब का घेतला नाही?
२. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "वीज राखील."
(आ) "गाठ मारतो आणि पुढे विणतो."
३. पहिल्या रात्री कोणत्या दोन चुका झाल्या? त्या कशा सुधारल्या?
४. 'झोप उडणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.