रबराच्या झाडाचे दुखणे

शहापूर, मुरबाडकडे पाऊस जोराचा. त्या दिवसांत ओटीवरच्या कुंडीतील रबराच्या झाडाची पाने पिवळी पडून गळू लागली, की लोक म्हणतात, "कीड लागली!" पण पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. कुंडीच्या तळाचे भोक बुजते, पाणी साचते आणि मुळे कुजतात. म्हणून आधी भोक मोकळे करावे. वरची माती सुकेपर्यंत पाणी घालू नये.

खोडावर मुंग्यांची रांग दिसली, तर मात्र पाने उलटून पाहा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. हा कीटक झाडाचा रस शोषतो आणि गोड, चिकट द्रव सोडतो. मुंग्या त्यासाठीच येतात! या द्रवावर काळी बुरशीही वाढते. साबणाच्या पाण्यात फडके भिजवून पाने दोन्ही बाजूंनी पुसा. कीड उरलीच, तर 50 ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि आठवड्याने पुन्हा पुन्हा फवारा.

भातशेतीसाठी आणलेले विषारी औषध घरात कधीही फवारू नका. त्याच घरात लहान भावंडे रांगतात, तेथेच जेवण होते. पान तुटल्यावर येणारा पांढरा चीकही डोळ्यांत जाऊ देऊ नका. हे झाड वडाच्या कुळातले आहे. टायरचे रबर मात्र दुसऱ्याच झाडाच्या चिकापासून करतात.