आधी क्वालिटी बघ, मग स्कॅन कर

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे की काय. आवाजच तसा होता. मग कळलं की आजारी टीव्ही आहे. एक एप्रिलपासून दोन-तीन चॅनल दिसेनात म्हणून तू रिमोटवरून ऑटो स्कॅन केलंस आणि होते नव्हते तेवढे सगळेच गेले. सासूबाईंना सह्याद्रीवरच्या बातम्यांशिवाय जेवण जात नाही आणि मेहुणे म्हणतात, ‘तुला कुणी सांगितला होता हात लावायला?’

अगं, हात लावलास ते चुकलं नाही. क्रम चुकला.

दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत, पण खासगी चॅनलना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते. म्हणून दर १ एप्रिलला कुणी जातं, कुणी नवं येतं, कुणाचा नंबर बदलतो. एखाददुसरंच चॅनल गेलं असेल तर ते बहुधा खरंच गेलेलं असतं. तिथे तुझ्या छत्रीचा दोष नाही आणि शंभरदा स्कॅन करूनही ते यायचं नाही. पण सगळे गेले तर गोष्ट वेगळी. तूच म्हणालीस ना, परवा वळवाचा पाऊस आणि वारा झाला? तिथेच पाणी मुरतंय.

स्कॅन म्हणजे काय, तर बॉक्स जुनी यादी पुसतो आणि त्या घडीला आकाशातून जे येतंय त्याची नवी यादी करतो. त्या घडीला काहीच येत नसेल तर यादी कोरी. दळण यायच्या आधीच पिठाचा डबा धुऊन पालथा घातलास तू! मीही एकदा हेच केलं होतं. वर तारवाल्याला बोलावलं. तो पाच मिनिटं गच्चीवर जाऊन आला, ‘एलएनबी गेली’ म्हणाला, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवरची ती डबी, आणि नवी बसवून पैसे घेऊन गेला. जुनी मी ठेवून दिली होती. पुढे एकदा सहज लावून बघितली तर ठणठणीत! सैल होती ती केबलची पिन. तेव्हापासून मी हे सगळं स्वतः शिकले.

तर आता असं कर. बॉक्सच्या रिमोटवर मेन्यू दाब. मेन्यू दिसला तर बॉक्स ते टीव्ही हा रस्ता ठीक आहे. दिसलाच नाही तर बहुधा टीव्हीचं इनपुट बदललं गेलंय. घरात नातवंडं असली की हे नेहमीचंच.

मेन्यू आला की सिग्नलचं पान उघड. तिथे दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थवर अजिबात भाळू नकोस. छत्री भलतीकडे तोंड करून बसली तरी ती पट्टी ऐटीत भरलेली दिसते, कारण तिला केबलच्या टोकाला एलएनबी आहे एवढंच कळतं. खरं बोलते ती क्वालिटी. ती शून्यावर असेल तोवर स्कॅनला हात लावायचा नाही, अजिबात नाही.

दोन्ही पट्ट्या शून्य असतील तर केबल बघ. बॉक्स याच केबलमधून वर एलएनबीला वीज पाठवतो, तेरा किंवा अठरा व्होल्टची. म्हणून पिनेला हात घालण्याआधी बॉक्सचं बटण भिंतीवर बंद कर. पीन उघडून बघ. मधली तांब्याची तार हिरवी-काळी पडली असेल तर पाणी शिरलंय. तेवढा तुकडा कापून पीन नवी लाव. बाहेरच्या जाळीचा एक केसही मधल्या तारेला शिवता कामा नये. एवढ्यानं निम्मी दुखणी जातात.

स्ट्रेंग्थ आहे, क्वालिटी नाही, असं असेल तर छत्री हलली. आपला उपग्रह जीसॅट-१५, विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंच. जुन्या बॉक्सात त्या जागी इन्सॅट-४बी असं नाव दिसेल. जागा तीच आहे, घाबरू नकोस. आपल्या सातारा-पुण्याकडून तो बरोबर आग्नेयेला, जमिनीपासून साठेक अंशांवर येतो. नागपूरकडच्यांना तो थोडा अधिक दक्षिणेला सापडतो. आणि छत्री दिसते तशी नसते हं. ती समोरच्या गोठ्याकडे बघतेय असं वाटतं, पण तिची नजर त्याहून पुष्कळ वर असते. त्यामुळे समोरची भिंत सहसा आड येत नाही, जवळचा वाढलेला आंबा येतो.

तो आंबा आड येतो की नाही, हे कळायची एक युक्ती आहे. मार्चच्या मध्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला थोडे दिवस, सकाळी अकराच्या सुमाराला सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा छत्रीवर फांदीची सावली पडली तर ती फांदी वाटेत आहे, छाटून टाक. त्याच वेळी चित्र काही मिनिटं आपोआप जातं, कारण सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. तेव्हाही काही करायचं नाही, चहा ठेवायचा. आता एप्रिलमध्ये सूर्य वर सरकलाय, तेव्हा ही परीक्षा ऑक्टोबरात घे. भर पावसात चित्राचे चौकोन पडतात तेही असंच, पाऊस थांबला की येतं.

छत्री फिरवायची तर आधी तिच्या जुन्या जागेवर खडूनं खूण कर. मग नट जरासे सैल करून बोटभर सरकव, आणि थांब. चार-पाच सेकंद तरी थांब. लहानपणी बाबा कौलांवर चढून अँटेना फिरवायचे आणि आपण खालून ‘आलं, आलं... गेलं!’ ओरडायचो, आठवतं? तेव्हा चित्र मुंग्यांतून हळूहळू उजळायचं. आता तसं नाही. आहे तर लख्ख आहे, नाही तर काळोख. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो आणि आपण घाईत बरोबर जागा ओलांडून पुढे जातो. मेहुण्यांना व्हिडिओ कॉलवर क्वालिटीची पट्टी दाखवायला सांग, ओरडाओरड नको.

क्वालिटी आली की मग स्कॅन. तरीही यादी कोरीच राहिली तर सेटिंगमध्ये एलएनबीचा आकडा बघ, ९७५० किंवा युनिव्हर्सल हवा. फॅक्टरी रीसेट केलं असशील तर तो बदललेला असू शकतो.

एक राहिलं. शेजारणीकडे जास्त चॅनल दिसतात म्हणून जीव जाळू नकोस. तिचा बॉक्स एमपेग-४ चा असेल, तुझा जुना एमपेग-२ चा. तुझ्या बॉक्सला ती भाषाच कळत नाही. मुलांचे शाळेच्या इयत्तांचे चॅनल हवे असतील तर मात्र नवा बॉक्स घे, छत्री आणि केबल तीच चालते.

आणि हे बघ, पत्रा ओला असताना वर जायचं नाही. उद्या ऊन पडलं की जा. शिडी मेहुण्यांना धरायला सांग, चढ तूच.