बाळाला अंगणवाडीत घालण्याआधी

जून जवळ आला की पेण आणि रोह्याच्या वस्त्यांत आम्हाला एकच प्रश्न विचारतात. "ताई, बाळ तीन वर्षांचं झालं. अंगणवाडीत घालू की केजीत?" आम्ही उलट विचारतो, लसीचे कार्ड कुठे आहे?

बऱ्याच घरांत कार्ड नऊ महिन्यांच्या गोवराच्या लसीपाशी थांबलेले असते. पुढे बाळ चालू लागते, आई पुन्हा कामाला लागते आणि दवाखान्याची वाट सुटते. पण सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओचा डोस असतो. 'अ' जीवनसत्त्वाचे औषध नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ वेळा द्यायचे असते. अंगणवाडीच्या एका खोलीत वीस-पंचवीस मुले बसतात. गोवर हवेतून पसरतो, त्याला एक मूल पुरते. डोस राहिला असेल तर लाजू नका. पाच वर्षांच्या आत गोवर-रुबेलाची राहिलेली लस उपकेंद्रात फुकट मिळते. नर्सबाई रागावल्या तर रागावू द्या, लस मात्र घेऊनच या.

दुसरी गोष्ट कान आणि बोलणे. तीन वर्षांचे मूल दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलते. "मला पाणी दे" एवढे तरी त्याला यायला हवे. बोलत नसेल तर "याचा बाप पण उशिराच बोलला" म्हणून सोडून देऊ नका. मूल पाठमोरे असताना हळू हाक मारून पाहा. वळले नाही, किंवा कान वाहत असेल, तर तपासणी हवी. वाहत्या कानात तेल घालू नये, हे आजीला समजावून सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. ते कोणत्या दिवशी येणार हे सेविकेला विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पेण आणि रोहा दोन्ही ठिकाणी उपजिल्हा रुग्णालय आहे. कानासाठी सहा महिने थांबण्यापेक्षा तिथे जाणे बरे.

वजन तर दर महिन्याला व्हायलाच हवे. सेविकेकडे दंडाला गुंडाळायची पट्टी असते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की मूल तीव्र कुपोषित धरतात. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. "दिसायला बारीक आहे, पण खेळतंय ना" हे आम्ही फार ऐकतो. खेळणारे मूलही लाल पट्ट्यात असू शकते.

आता अंगणवाडी की केजी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्या कामातला. सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिथे फी नाही. अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळायला हवे. हा मुलाचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. केजीची फी भरण्यासाठी घरातले दूध-अंडे बंद करणारी घरे आम्हाला माहीत आहेत. एबीसीडी दोन वर्षांनी शिकता येते, या वयात खुंटलेली वाढ भरून काढणे फार कठीण जाते. तरीही केजीत घालायचे असेल तर जरूर घाला, फक्त वजन आणि डोस चालू ठेवा. वयाचा नियम असा: त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी तीन आणि पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण हवीत. घाई करून वय वाढवून लिहू नका.

नाव घातल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा जेवणाच्या वेळी अचानक जाऊन या. आपले मूल कुठे बसते? पाण्याचा पेला सगळ्यांचा एकच आहे का? वाढणारा हात सगळ्यांच्या ताटापर्यंत सारखाच जातो का? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यात आपले लेकरू पंगतीच्या टोकाला बसत असेल तर गप्प बसू नका. आधी सेविकेशी शांतपणे बोला. ती बहुतेकदा आपल्यासारखीच कमी मानधनावर राबणारी बाई असते. फरक पडला नाही तर पर्यवेक्षिकेला आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या.

पहिले दोन-तीन महिने सर्दी, जुलाब, खरूज, उवा येणारच. जुलाबाला ओआरएस आणि चौदा दिवस झिंकची गोळी. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्या पुऱ्या करा. खरजेला औषध सगळ्या घराने एकाच दिवशी लावायचे. नुसत्या मुलाला लावले की ती फिरून येते. ताप असेल त्या दिवशी मूल घरी ठेवा. पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाणारी आई आणि धाटावला पाळीला जाणारा बाप यांना हे अवघड जाते, आम्हाला कळते. म्हणून शेजारच्या दोन-तीन घरांनी आधीच ठरवावे, कुणाचे मूल आजारी पडले तर कोण बघणार आणि रोज घरी कोण आणणार. हे काम मोठ्या बहिणीवर टाकून तिची शाळा बुडवू नका.

शेवटी कागद. हा विषय आरोग्याच्या पानाचा नाही, तरी सांगतो. जन्मदाखल्यावर मुलाचे नाव भरलेले असावे आणि शाळेत तेच नाव, त्याच अक्षरांत लागावे. धर्म-जातीचा रकाना समोरच्याला अंदाजाने भरू देऊ नका, वडिलांच्या जातीच्या दाखल्याची प्रत सोबत न्या. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आहेत, पण नोंद चुकली की दाखल्यासाठी तहसीलच्या खेपा सुरू होतात. खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के मोफत जागांसाठी आपल्या मुलांना उत्पन्नाची अट नाही, मात्र हा जातीचा दाखला लागतोच. अर्ज ऑनलाइन आणि ठरलेल्या मुदतीतच भरावा लागतो, म्हणून दाखला आताच काढून ठेवा.