दख्खनी लोकरीची आसने व तोरणे

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यास त्याचा दहावा हिस्साही धड लाभत नाही. माण व खटाव, आणि त्यांस लागून असलेले सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठेमहांकाळ व जत हे तालुके पर्जन्यछायेतील होत. येथे पिकाचा भरवसा नाही, परंतु माळावरील गवतावर मेंढी जगते. मेंढपाळीचा व्यवसाय या भागात पूर्वापार चालत आला असून शासकीय मेंढी प्रक्षेत्रेही माणमधील दहिवडी आणि कवठेमहांकाळ तालुक्यातील रांजणी येथे उभारली गेली, ती या कारणानेच.

या मेंढ्या बहुतांशी दख्खनी जातीच्या असतात. वर्षातून दोन वेळा त्यांची लोकर कातरली जाते. ही लोकर पूर्वी सनगर व खुटेकर धनगर यांच्या मागावर जाई आणि तिची घोंगडी होत. घोंगडी ही शेतकऱ्याची पावसातील खोळ, थंडीतील पांघरूण, खळ्यावरील बैठक आणि देवघरातील आसन अशी सर्व कामे करी. प्लॅस्टिकचे कागद, गिरणीच्या चादरी व यंत्रावरील ब्लँकेटे आल्यावर घोंगडीचा खप आटला. लोकर मात्र मेंढीच्या अंगावर पूर्वीइतकीच वाढते. ती कातरली नाही तर मेंढीस उन्हाळा सोसत नाही, अंगावर उवा-गोचिडे माजतात. म्हणून विकली जावो वा न जावो, कातरणी करावीच लागते. आज पुष्कळ ठिकाणी लोकरीच्या विक्रीतून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, आणि काळ्याभोर लोकरीचे ढीग ओढ्याच्या काठी टाकून दिलेले आढळतात.

दख्खनी लोकर भरड असते. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढीच्या तंतूची जाडी सुमारे २० मायक्रॉन असते, तर दख्खनी तंतू तिच्या दुपटीहून अधिक जाड व मध्ये केसाळ असतो. त्याचे अंगात घालावयाचे मऊ कापड होणार नाही, आणि ते करण्याच्या नादी लागण्यात अर्थही नाही. परंतु बसावयाचे आसन, भिंतीवरील शोभेचा पट, दारावरचे तोरण, घागरीखालील चुंबळ यांना मऊपणाची आवश्यकता नसते, टिकाऊपणाची असते. तो गुण या लोकरीत भरपूर आहे. शिवाय काळा, करडा, तपकिरी व पांढरा असे चार रंग ती निसर्गतःच घेऊन येते. या वस्तूंकरिता मागाची गरज नाही. न विणता, केवळ भिजवून व दाबून लोकरीची बैठक बनविण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. अशा बैठकीस ‘जेन’ म्हणतात. काश्मीरचा नमदा याच रीतीने होतो, आणि मध्य आशियातील कझाक व किरगीझ मेंढपाळ आपले तंबूदेखील अशाच जाड थरांनी मढवीत आले आहेत.

लोकर न विणता एकत्र कशी राहते, हे कार्यकर्त्यांनी प्रथम समजून घ्यावे, म्हणजे पुढील कृतीतील प्रत्येक पायरीचे कारण त्यांस सांगता येईल. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे अतिसूक्ष्म खवले असतात व त्यांची टोके एकाच दिशेस असतात. कोमट साबणपाण्याने ते उघडतात. मग चोळले असता एका तंतूचे खवले दुसऱ्यात अडकतात, तंतू पुढे सरकतात पण मागे फिरत नाहीत. अशा रीतीने गुंता घट्ट होत जातो व थर आकसतो. लोकरीचे कपडे कढत पाण्यात चोळून धुतले म्हणजे आखूड होतात, त्याचेही कारण हेच. जेन करणारा हा दोष कामाला लावतो, इतकेच.

लोकरीची निवड व धुणे

पाठीवरची व बगलेची लोकर कामास घ्यावी. पोटाची, पायांची व शेपटीजवळची लोकर मलमूत्राने भरलेली असते. ती निराळी काढावी. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ असते. भरड लोकर लवकर गुंतत नाही, म्हणून तिच्यात तिसरा हिस्सा जावळ मिसळल्यास काम सोपे होते. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी दिसावयास देखणी व मांसास उत्तम, पण तिच्या अंगी लोकर अगदीच बेताची. तिच्या लोकरीवर विसंबून हा उद्योग आरंभू नये.

एक सूचना मात्र कठोरपणे पाळावी. आजाराने मेलेल्या मेंढीची लोकर केव्हाही घेऊ नये. फाशी अथवा काळपुळी या रोगाचे बीज लोकरीत वर्षानुवर्षे जिवंत राहते व लोकर हाताळणाऱ्या माणसास तो रोग होतो. गोचीडनाशक औषध लावलेल्या मेंढ्यांची लोकर नुकतीच कातरली असल्यास तीही वर्ज्य समजावी. लोकर झटकताना व पिंजताना नाकातोंडास फडके बांधावे.

प्रथम लोकर उन्हात पसरून काठीने झोडावी. माळावरच्या मेंढीच्या लोकरीत कुसळे फार असतात. ती बोटांनी वेचून काढण्यास पर्याय नाही. हे काम कंटाळवाणे आहे, आणि यातच जो अळंटळं करील त्याच्या आसनावर बसणाऱ्यास त्याची आठवण राहील. नंतर पसरट भांड्यात हातास सोसेल इतपत गरम पाणी घेऊन त्यात रिठ्याचा फेस अथवा साध्या साबणाचा चुरा मिसळावा व लोकर त्यात पंधरावीस मिनिटे नुसती बुडवून ठेवावी. ती चोळू नये, पिळू नये, आणि गरम पाण्यातून काढून एकदम थंड पाण्यात टाकू नये. नाहीतर ती भांड्यातच गुंतून गठ्ठा होईल. धुण्याचा सोडा वापरू नये, त्याने तंतू खातो. पाणी बदलीत दोन-तीन वेळा असे करून लोकर सावलीत जाळीवर वाळवावी. धुतल्यावर वजन घटते. ते किती घटते हे ठाऊक असल्याखेरीज वस्तूची किंमत ठरविता येत नाही; म्हणून पहिल्या खेपेस एक किलो मळकी लोकर तोलून घ्यावी व वाळल्यावर पुन्हा तोलून आकडा वहीत नोंदवावा. धुतलेले पाणी ओढ्यात वा पिण्याच्या विहिरीनजीक न ओतता परसातील झाडांच्या आळ्यांपासून दूर एखाद्या शोषखड्ड्यात सोडावे.

वगळलेली पोटापायांची लोकरही फुकट जाऊ देऊ नये. लोकर प्रथिनांची बनलेली असल्यामुळे तीत नत्र व गंधक असतात. डाळिंबाच्या वा आंब्याच्या आळ्यात माती उकरून ती पुरावी. ती सावकाश कुजते आणि तोवर ओलावा धरून ठेवते.

रंग

काळ्या व तपकिरी लोकरीस रंग देण्याचे कारण नाही. पांढऱ्या लोकरीस द्यावयाचा असल्यास आटपाडी भागात त्याचे साहित्य घरोघरी सापडते, ते म्हणजे डाळिंबाची साल. १०० ग्रॅम धुतलेल्या लोकरीस १२ ग्रॅम तुरटी व १०० ग्रॅम वाळलेली साल असे प्रमाण घ्यावे. तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात लोकर तासभर मंद आचेवर ठेवावी. साल आदल्या रात्री तीन लिटर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी तासभर उकळावी, पाणी गाळावे, त्यात तुरटीची ओली लोकर सोडून पाऊण तास मंद आच द्यावी व त्याच पाण्यात निवू द्यावी. मातकट पिवळा रंग येतो व तो चांगला टिकतो. याच रंगपाण्यात गंजलेल्या खिळ्यांचे थोडे पाणी घातले तर करडा-काळपट रंग मिळतो. पण लोखंडाचे प्रमाण वाढल्यास लोकर ठिसूळ होते. रंगाचे भांडे स्वयंपाकास पुन्हा वापरू नये.

सांगली ही हळदीची मोठी पेठ असल्याने हळदीचा रंग द्यावा असे सहज मनात येते. हळद लोकरीवर पहिल्या दिवशी फार सुंदर दिसते, परंतु उन्हाने थोड्याच दिवसांत विटते. विकावयाच्या वस्तूस ती देऊ नये.

आसन करण्याची कृती

पूर्ण झालेले आसन ४५ सेंटिमीटर चौरस हवे असल्यास थर ६० सेंटिमीटर चौरस पसरावा, कारण तो पाव हिश्शापर्यंत आकसतो. पिंजलेली लोकर सुमारे २५० ग्रॅम लागते. पिंजारी जवळपास नसेल तर तारांच्या दोन ब्रशांमध्ये थोडी थोडी लोकर विंचरून घ्यावी.

जमिनीवर गोणपाट व त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अंथरावा. नक्षी करावयाची असेल तर ती प्रथम मांडावी, कारण खालची बाजू हीच पुढे दर्शनी बाजू होते. पांढऱ्या लोकरीच्या सैल वाती वळून कोयरी, स्वस्तिक, तुळशीवृंदावन, गोपद्मे अशी दाराशी रोज काढली जाणारी रांगोळीची चित्रे त्यांनी रेखावी. अक्षरे व डावी-उजवी बाजू असलेली चित्रे उलटी मांडावी लागतात, हे विसरू नये. रेघा बोटाएवढ्या जाड ठेवाव्या. बारीक रेघ आकसताना फिसकटते. छापील चित्रांची वा देवादिकांच्या मुखांची नक्कल करण्याचा मोह टाळावा. काळ्या भुईवर चार ठसठशीत कोयऱ्या ज्या शोभतात, त्या सराईत हाताने काढलेल्या मोरापेक्षाही अधिक शोभतात.

नक्षीवर काळ्या लोकरीचा पहिला थर तंतू आडवे ठेवून पसरावा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा, चौथा उभा. मधोमध जाड व कडेला विरळ असे होऊ देऊ नये; तळहाताने दाबत जाऊन पोकळ जागा भरावी. वर मच्छरदाणीचा दुसरा तुकडा घालून गरम साबणपाणी शिंपडावे व लोकर पूर्ण भिजेतो तळहाताने हलकेच दाबावे. प्रारंभी घासण्याची घाई केल्यास नक्षी सरकते. सुमारे दहा मिनिटे वर्तुळाकार हात फिरविल्यानंतर गोणपाटासकट सर्व एका मुसळाभोवती घट्ट गुंडाळावे, दोरीने बांधावे व हातांच्या कोपरांखाली किंवा पायांखाली पुढे-मागे लाटावे. पंधरा मिनिटांनी उलगडून पाव फेरा फिरवावे व पुन्हा गुंडाळावे, म्हणजे चारही बाजूंनी सारखे आकसते. पाणी निवल्यास पुन्हा गरम शिंपडावे. दोघी जणींनी समोरासमोर बसून लाटल्यास काम हलके होते.

पुरे झाले हे ओळखण्याची खूण अशी: पृष्ठभागावरील लोकर चिमटीत धरून उचलावी. चिमटीत नुसता वरचा थर आला तर आणखी लाटावे. सबंध आसन उचलले गेले तर झाले. मग स्वच्छ पाण्यात साबण निघेतो धुवावे, न पिळता दाबून पाणी काढावे व सपाट जागी सावलीत वाळवावे. कडा कात्रीने सरळ कापता येतात. या कापडाचे सूत निघत नाही.

तोरणासाठी याच रीतीने चौकटीच्या रुंदीची वीतभर उंचीची पट्टी करावी व तिला गोंडे लावावे. गोंड्यास सूत लागते. चातीवर लोकर कातणाऱ्या म्हाताऱ्या वाड्या-वस्त्यांवर अद्याप आहेत, त्यांच्याकडून सुनांनी ते शिकून घेण्यासारखे आहे. सूत नसेल तर चिमूटभर लोकर साबणपाण्यात भिजवून तळहातावर लाडू वळल्याप्रमाणे वळावी. दहा मिनिटांत कठीण गोळी होते. अशा रंगीत गोळ्या ओवून केलेली तोरणे मुलांनाही जमतात. बेंदरास बैलांच्या शिंगांना व गळ्यात बांधावयाचे गोंडे हल्ली बाजारातून नायलॉनचे आणले जातात. खिल्लार बैलाच्या पांढऱ्या अंगावर काळ्या लोकरीचा गोंडा त्याहून खचित उठून दिसतो.

लोकर मेंढपाळाकडून घ्यावयाची असता ती टाकाऊ आहे म्हणून फुकट मागू नये. ज्या वाड्याच्या मेंढ्या आपल्या रानात खतासाठी बसविल्या जातात, त्यांच्याशी कातरणीपूर्वीच बोलणे करावे व किमान कातरणीची मजुरी निघेल एवढा भाव ठरवावा. काळी-पांढरी निवडून, पोटाची वेगळी ठेवून लोकर दिल्यास अधिक भाव देण्याची बोली असावी. तसे झाले तर निवडण्याचे अर्धे काम वाड्यावरच होते, आणि ते धनगरणींइतके कुशलतेने दुसऱ्या कोणास साधत नाही.

विक्रीचा विचार बचत गटांनी पहिली पाचसहा आसने स्वतःच्या घरी वापरून पाहिल्यावर करावा. किंमत काढताना लोकर, साबण व जळण यांबरोबर धुण्यापासून वाळविण्यापर्यंत लागलेले तास मोजावे आणि त्या तासांस निदान गावच्या शेतमजुरीचा दर लावावा. तो न लावता “घरचेच काम” म्हणून वस्तू स्वस्त विकल्यास मागणी येईल, पण सुगीच्या दिवसांत काम बंद पडेल. कारण खुरपणीस गेलेल्या बाईला त्यापेक्षा अधिक मिळते. हिशेब तोट्याचा दिसला तर वस्तू घरापुरत्याच कराव्या.

तयार वस्तूंचा मुख्य शत्रू कसर होय. मळलेल्या व अंधारात घडी घालून ठेवलेल्या लोकरीस ती लवकर लागते. पंधरवड्यातून एकदा आसने कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून झटकावी. पावसाळ्यात ठेवणीत टाकण्यापूर्वी ती पूर्ण कोरडी असल्याची खात्री करून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून स्वच्छ फडक्यात बांधावी, आणि उघडीप मिळताच बाहेर काढून ऊन द्यावे.